गाभा बाटला

पुंता अरेनासला झाडं एकाच बाजूला कललेली असतात.
वारा सामुद्रधुनीवरून येतो, त्यांना सरळ उभं राहू देत नाही.
येर्को मान्सिया तिथे अंध मुलांच्या शाळेत
कॉम्प्युटर दुरुस्त करतो, हीटर दुरुस्त करतो,
एकदा गोठलेला नळही त्यानेच सोडवला.

जर्मनीतल्या कुठल्याशा चर्चने पाठवलेलं
ब्रेल छापायचं यंत्र
आठ महिने चादरीखाली होतं.
कारखाना बुडालेला. मागे उरला एक ड्रायव्हर,
सीडीवर, विंडोजसाठी लिहिलेला.
शाळेत लिनक्स, कारण ते फुकट.

ड्रायव्हर सीलबंद. आत कुणी काय लिहून ठेवलंय
ते वाचायची सोय नाही.
तेव्हा येर्कोने त्याच्याभोवती एक घर रचलं,
खोटं, तो विचारेल तेवढंच.
त्याने खिडकी मागितली
की भिंतीवर खिडकी रंगवायची.

तो विचारी, किती वाजले?
त्याचा काळ सोळाशे एकच्या पहिल्या जानेवारीपासून,
इथला एकोणीसशे सत्तरच्या.
मधली तीनशे एकोणसत्तर वर्षं
येर्कोने एका ओळीत मिटवली,
कुणी शके सांगावं
आणि आपण मनात अठ्ठ्याहत्तर मिळवावे, तशी.

तो वाट विचारी.
त्याच्या वाटेतल्या तिरप्या रेघा डावीकडे झुकलेल्या,
इथल्या उजवीकडे.
येर्कोने बाहेरच्या झाडांकडे पाहिलं
आणि एकेक रेघ
वाऱ्याच्या बाजूने वळवून घेतली.

रात्री नोल्फा बाई ताट ठेवून जायच्या.
तळलेलं गोड, वर पिठीसाखर,
शंकरपाळ्याची चुलत बहीण,
नाव मात्र ‘फाटक्या चड्ड्या’.
बोटांची साखर कीबोर्डवर सांडायची.
प्रश्न संपत नव्हते.
स्मृती किती? दिली.
दाराला कडी आहे ना? आहे.
आवाज आला तर उठवाल ना? उठवू.

तेराव्या रात्री यंत्र खाकरलं.
पडद्यावर एक ओळ आली, ती येर्कोने मला दाखवली:
ज्याचं कूळ उघडून दाखवत नाहीत
असं काही आत घेतलंत, गाभा बाटला,
आता काही मोडलं तर आमच्या दारी येऊ नका.

इंग्रजीत तो शब्द साधा आहे, रोजचा.
मी तो मराठीत वाचला
आणि एक पितळेचा तांब्या आठवला,
उंबऱ्याबाहेर, वेगळा ठेवलेला.
येर्कोला काय सांगणार?
तो म्हणाला, बाटू दे. कागद लाव.

ठक् ठक् ठक्, जाड कागदावर गारा पडाव्यात तसं.
पहिलं पान दामारिसला दिलं.
नऊ वर्षांची, बोटं थंड,
दोन ओळी वाचल्या आणि जी हसत सुटली
ती बाकाखाली गेली.
स्पॅनिशमध्ये वर्ष म्हणजे ‘आन्यो’.
त्या अक्षराच्या डोक्यावर एक छोटी लाट असते,
ड्रायव्हरच्या जर्मन तक्त्यात ती नव्हती.
लाट गेली की उरतं ‘आनो’,
आणि आनो म्हणजे... जाऊ दे.
धड्यातला आजोबा विचारत होता,
बाळ, तुला किती आहेत?

नोल्फा बाईंचे कान लाल.
मग त्याही हसल्या, चष्मा काढून, डोळे पुसत.
‘हे पान फाडू नका,’ बाकाखालून दामारिस म्हणाली,
‘मला घरी न्यायचंय.’

लाट दुसऱ्या दिवशी बसवली.
आता रोज छापतं, भूगोल, पाढे,
जेवणाच्या घंटेचं वेळापत्रक.

पण प्रत्येक पानाआधी
ड्रायव्हर एक प्रश्न विचारतो, यादीतला सदतिसावा.
कशाबद्दल आहे
ते येर्कोला अजून कळलेलं नाही.
‘नाही’ म्हणून पाहिलं होतं, तेव्हा यंत्र गप्प बसलं,
दिवसभर.

तेव्हापासून तो ‘हो’ म्हणतो.
कागद सरकतो.